गाडी मळकट निघाली, आता पत्रात काय लिहू?

गोष्ट सांगण्याविषयीच्या या सदरासाठी खानदेशातून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न व्यवहारातल्या लिखाणाचे आहेत. तक्रारीचं उत्तर, बँकेचा अर्ज, महिन्याची बैठक, पाकिटावरचा मजकूर. सगळ्यांचा रोख एकच: 'यात गोष्ट कशी आणायची?' व्यवहारात वाचणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला काहीतरी ठरवायचं असतं. ते ठरवायला जी घटना उपयोगी पडते, तेवढीच गोष्ट कामाची, असं धरून आम्ही उत्तरं दिली आहेत. नमुन्यांतले आकडे समजण्यापुरते आहेत. तुमचे आकडे तुमच्या वहीतून घ्या.

प्रश्न : आम्ही रावेरहून दिल्लीला केळीच्या गाड्या भरतो. जानेवारीत एका गाडीतला माल पिकवल्यावर मळकट निघाला आणि तिथल्या व्यापाऱ्यानं कटती लावली, म्हणजे बिलातले पैसे कापले. मी दोन पानी उत्तर लिहून थंडीचं सगळं कारण समजावलं. त्यांचं उत्तर नाही, पुढची गाडीही मागवली नाही. पत्र सोबत जोडलं आहे. कुठं चुकलं?
(केळी व्यापारी, रावेर)

तुमचं पत्र 'यंदा सातपुड्याच्या पायथ्याला पडलेल्या कडाक्याच्या थंडीमुळे' असं सुरू होतं, आणि कटती मान्य आहे की नाही हे दुसऱ्या पानाच्या शेवटून तिसऱ्या ओळीत येतं. दिल्लीच्या माणसाला पहिल्या ओळीत तेवढंच हवं होतं. ते मिळेपर्यंत तो बाकीचं वाचत नाही, नुसता चाळतो. म्हणून पैशाचा निर्णय आधी आणि घटना नंतर.

घटना सांगायचीच, कारण त्या व्यापाऱ्याच्या मागेही माणसं आहेत. पिवळा रंग का चढला नाही, हे त्याला त्याच्या किरकोळ विक्रेत्यांना सांगायचं आहे, तेही फोनवर, घाईत. तुमच्या पत्रातली गोष्ट त्याला तीन वाक्यांत पुढं सांगता आली तर तो तुमच्या बाजूनं बोलेल. 'थंडी होती' एवढंच हातात असेल तर तो काय सांगणार? थंडी सगळ्यांनाच होती.

गोष्टीला गाठ लागते. गाठ म्हणजे ती जागा, जिथं कुणीतरी वेगळं काही करू शकलं असतं. थंडी ही गाठ नव्हे, तो हंगाम आहे. कापलेला माल रात्रभर उघड्यावर राहिला, ही गाठ. केळी १३ अंश सेल्सिअसच्या खाली काही तास राहिली की सालीला इजा होते. सालीखाली तपकिरी रेषा येतात आणि पिकल्यावर पिवळा रंग उजळत नाही. गर बहुधा खाण्याजोगाच असतो. अडचण अशी की माल हिरवा असताना यातलं फारसं काही दिसत नाही. भरणारा म्हणतो, 'भरला तेव्हा चांगला होता', आणि उतरवणारा म्हणतो, 'निघाला तेव्हा खराब होता'. दोघंही खरं बोलत असतात. या एका मुद्द्यावर तुमचं अख्खं पत्र उभं राहू शकतं, आणि तो तुमच्या दोन पानांत कुठंच नाही.

असं लिहून पाहा:

'१४ जानेवारीच्या गाडीतले १८० कॅरेट मळकट निघाले. त्यांची कटती आम्हाला मान्य आहे. पुढच्या बिलातून वजा करा.

झालं ते असं. १३ तारखेला संध्याकाळी कापणी संपली. गाडी रात्री आठला यायची होती, ती पहाटे चारला आली. मधले आठ तास कॅरेट शेताच्या बांधावर उघडे होते. रात्री दोनला तिथं ९ अंश तापमान होतं. माल पॅकहाउसमध्ये हलवायला हवा होता. आम्ही हलवला नाही. सकाळी केळी हिरवी आणि टणक दिसली, म्हणून गाडी तशीच भरली. थंडीची इजा पिकल्यावरच उमटते.

आता थंडी संपेपर्यंत दुपारी चारनंतर कापणी बंद आहे. गाडीला उशीर झाला तर माल आत जातो, आणि कापणीची व भरणीची वेळ पावतीवर लिहिली जाते.

सोमवारी २०० कॅरेट याच पद्धतीनं भरू का? उद्या दुपारपर्यंत कळवा.'

यातली क्रियापदं पाहा. 'आम्ही हलवला नाही.' तुमच्या मूळ पत्रात 'दुर्लक्ष घडले', 'विलंब झाला', 'माल बाधित झाला' अशी वाक्यं आहेत. त्यांत करणारा माणूसच नाही, त्यामुळे पुढं सुधारणार कोण हेही कळत नाही. ड्रायव्हरवरही ढकलू नका. गाडीचा उशीर एका वाक्यात, तारीख-वेळेसह, एवढा पुरे. शेवटचा प्रश्न असा ठेवा की त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं देता येईल. 'आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे' या वाक्याला कुणी उत्तर देत नाही.

आणि तापमान कुणी मोजलंच नसेल तर ते वाक्य लिहू नका. शे-दोनशे रुपयांचा साधा तापमापक बांधावर टांगा, पुढच्या वेळी लिहिता येईल.

प्रश्न : जळगावच्या डाळ मिलमध्ये मी उत्पादन पाहतो. दर महिन्याला मालकांपुढं ३५ ते ४० स्लाइडा दाखवतो. दहाव्या स्लाइडला ते फोन पाहू लागतात. आकडे तर द्यावेच लागतात, मग गोष्ट कुठं बसवायची?
(उत्पादन व्यवस्थापक, जळगाव)

सप्ताहातलं कीर्तन आठवा. बुवा आधी अभंग घेतात, म्हणजे आज कशावर बोलायचं ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मग निरूपण, मग दृष्टान्त, आणि शेवटी पुन्हा त्याच अभंगाच्या चरणावर येतात. दृष्टान्त कितीही रंगला तरी अभंग सुटत नाही. तुमच्या बैठकीत दृष्टान्त नाही ही अडचण दुय्यम आहे. अभंगच नाही, ही मुख्य अडचण आहे. ४० स्लाइडांमधून मालकांनी काय ठरवावं?

समजा, या महिन्यात तुरीचा उतारा, म्हणजे शंभर किलो तुरीमागे निघणारी डाळ, ७२ टक्क्यांवरून ७० वर आला. तर पहिलं वाक्य: 'वाळवणीसाठी ड्रायर घ्यायचा की नाही, हे आज ठरवायचं आहे.' हा तुमचा अभंग.

मग एकच लॉट निवडा, उतारा ज्यात घसरला तो. गेटवर गाडी आली तिथपासून पोतं शिवलं तिथपर्यंत त्याच्या मागं चाला. सफाई झाली, तेल-पाणी दिलं, ढीग मुरायला ठेवला. अंगणात वाळायला घातला त्या दिवशी ढग आले. नेहमीपेक्षा एक दिवस कमी वाळला आणि ऑर्डरची घाई म्हणून तसाच वर घेतला. टरफल सुटलं नव्हतं, म्हणून रोलरवर एक फेरी जादा द्यावी लागली. त्या फेरीत डाळीच्या कडा तुटल्या, चुरी वाढली. १०० क्विंटलच्या लॉटमागे दोन क्विंटल डाळ चुरीच्या भावात गेली. एवढं सांगायला चार मिनिटं लागतात.

इथं थांबून पुढची स्लाइड दाखवा: महिन्यात असे किती लॉट ढगाळ दिवसांत वाळले, आणि त्या लॉटांचा उतारा बाकीच्यांच्या तुलनेत किती. हे महत्त्वाचं आहे. एक लॉट म्हणजे महिना नव्हे, आणि मालकांना ते तुमच्याहून आधी कळतं. दृष्टान्तातला लॉट एकटाच तसा निघाला, तर तुमची गोष्ट खरी असूनही दिशाभूल करते. मग तिच्या जोरावर ड्रायर मागू नका.

वीस मिनिटांची बैठक अशी वाटा: दोन मिनिटं अभंग, चार मिनिटं लॉट, चार मिनिटं आकडे, उरलेली दहा बोलण्याला. बाकीच्या ३५ स्लाइडा छापून आदल्या दिवशी द्या. ज्याला पाहायच्या तो पाहील.

प्रश्न : आमचा दहा जणींचा बचत गट केळीचे वेफर्स करतो. पाकिटावर 'आजीच्या हातची अस्सल पारंपरिक चव' असं छापलं आहे. प्रदर्शनात सगळ्यांच्याच पाकिटांवर तेच दिसलं. आमची गोष्ट वेगळी कशी सांगू?
(बचत गट, यावल तालुका)

आधी पाकिटाची मागची बाजू. घटक, निव्वळ वजन, तारखा, किंमत, पोषणाची माहिती, पत्ता आणि १४ अंकी एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांक यांची जागा आधी राखून ठेवा. गोष्टीला जे उरेल ते. १०० ग्रॅमच्या पाकिटावर साधारण ३५ ते ४५ शब्द बसतात, आणि तेवढे पुरेसे आहेत.

'अस्सल' आणि 'पारंपरिक' हे शब्द काढण्याचं दुसरंही कारण आहे. अन्नपदार्थांच्या जाहिराती व दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांत 'नॅचरल', 'फ्रेश', 'प्युअर', 'ट्रॅडिशनल', 'ऑथेंटिक' अशा शब्दांना अटी घातल्या आहेत. पाकीट मराठीत छापलं म्हणून अट सुटत नाही.

त्याऐवजी तुम्ही रोज जे करता आणि कारखान्यातला माल जे करत नाही, ते सांगा. तुम्ही लिहिलं आहे की चकत्या थेट तापलेल्या कढईवर किसता. मग तेच लिहा! सोललेलं कच्चं केळं हवेत राहिलं की काळं पडतं, हे प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. त्यामुळे वाचणारीला तुमच्या कष्टाची किंमत लगेच कळते.

'केळी यावल तालुक्यातली. सकाळी कापलेला घड दुपारी सोलतो. चकती हवेत काळी पडते, म्हणून ताटात न कापता थेट कढईवर किसतो. शेंगदाण्याचं तेल, मीठ, हळद. आज कढईवर: ______'

शेवटच्या रिकाम्या जागी त्या दिवशी तळणाऱ्या ताईंच्या नावाचा रबरी शिक्का. हे आम्हाला फार आवडेल, पण ज्या ताईंना नाव नको असेल त्यांच्या दिवशी नुसता तारखेचा शिक्का मारा. तेल बदललं, सरकी वापरली, तर पाकीटही बदलायचं. गोष्टीतला तपशील आणि घटकांची यादी जुळलीच पाहिजे. पाकिटं एकदम दहा हजार छापू नका.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण मानांकनाचं चिन्ह आणि नाव वापरायचं तर त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती होईपर्यंत 'केळी यावल तालुक्यातली' हे साधं, खरं वाक्य ठेवा.

प्रश्न : बियाणं-औषधांचं दुकान आहे. शेतकऱ्यांना मराठीत एसएमएस पाठवतो. छोटी गोष्ट टाकली की बिल दुप्पट येतं. असं का?
(कृषी सेवा केंद्र, शिरपूर)

देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० खुणा मावतात. रोमन लिपीत १६०. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, मोकळी जागा, प्रत्येकाची खूण वेगळी मोजली जाते. ७० ओलांडले की निरोप ६७-६७ चे तुकडे होऊन जातो आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात.

७० खुणांत गोष्ट मावत नाही, पण गोष्टीतला एक क्षण मावतो. शेतकरी बांधावर उभा आहे आणि त्याला काहीतरी दिसतंय, तो क्षण:

'कपाशी लाल पडतेय? पानामागे तुडतुडे पाहा. नमुना घेऊन दुकानी या.'

हा निरोप ६१ खुणांचा आहे. व्यावसायिक एसएमएसचा साचा आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, तेव्हा हंगामाच्या सुरुवातीलाच असे पाच-सहा साचे करून ठेवा.

लांब सांगायचं असेल तर व्हॉट्सअॅपवर ४० सेकंदांचा आवाजी निरोप पाठवा. ब्रॉडकास्टचा निरोप ज्यांनी तुमचा नंबर जतन केला आहे त्यांनाच पोचतो. दुकानात आलेल्या माणसाकडून नंबर तिथंच जतन करून घ्या.

प्रश्न : आमची शेतकरी कंपनी नंदुरबारला ओली मिरची घेऊन पथारीवर सुकवते. ड्रायरसाठी कर्ज हवं आहे. अर्जासोबतच्या पत्रात 'अवकाळीनं आमचं कंबरडं मोडलं' असं मनापासून लिहिलं. बँक अधिकारी म्हणाले, 'मग तुम्ही फेडणार कसं?' गोष्ट सांगायचीच नाही का?
(शेतकरी उत्पादक कंपनी, नंदुरबार तालुका)

सांगायची, पण गोष्टीचा नायक बदला. तुमच्या पत्रात नायक आहे हतबल शेतकरी. कर्ज देणाऱ्याला हतबल माणूस दिसला की तो हात आखडता घेतो, आणि त्यात त्याची चूक नाही. पैसे ठेवीदारांचे आहेत. नायक करा एका क्विंटल ओल्या मिरचीला.

तिचा आजचा प्रवास लिहा. बाजारात लिलावात घेतली तो भाव. पथारीवर किती दिवस पडते, उलथायला किती मजूर लागतात, देठ खुडायला किती. पाण्याचा अंश दहा टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत १०० किलोंची साधारण २५ ते ३० किलो सुकी मिरची होते. तुमचा स्वतःचा उतारा मागच्या तीन हंगामांच्या पावत्यांवरून काढा. मग पाऊस. कुठल्या तारखेला आला, पथारीवर त्या रात्री किती क्विंटल माल होता, ताडपत्री किती मालाला पुरली. भिजलेल्यातली किती काळी पडली, किती पांढरी पडली, किती बुरशीनं टाकावी लागली, आणि उरलेली कोणत्या भावानं विकली. ही तुमची गाठ. इथं एकही विशेषण नको. तारीख, क्विंटल, भाव.

आता तोच क्विंटल ड्रायरमधून न्या. वीज किंवा सरपणाचा खर्च वाढेल, तो लपवू नका. दिवस कमी होतील, मजुरी बदलेल, पावसाची भीती जाईल. दोन्ही प्रवासांतला क्विंटलमागचा फरक म्हणजेच तुमचा हप्ता फेडण्याचा पैसा. अधिकाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर गोष्टीच्या पोटातूनच निघालं पाहिजे, वेगळ्या तक्त्यातून नव्हे.

बहुतेक अर्जांत न दिसणारा भाग म्हणजे वाईट वर्षाची गोष्ट. मिरचीवर विषाणूजन्य रोग आला, आवक निम्मी झाली, तर ड्रायर काय करेल? रिकामा बसेल की हळद, आंबोशी सुकवेल? त्या वर्षी हप्ता कुठून जाईल? हे तुम्हीच लिहिलंत तर अधिकाऱ्याला वाटतं, यांनी विचार केला आहे. त्यानं विचारल्यावर सुचलं, तर उशीर झालेला असतो.

पत्र एका पानाचं ठेवा. पहिल्या परिच्छेदात किती कर्ज, कशासाठी, किती वर्षांत. दुसऱ्यात आजचा क्विंटल, तिसऱ्यात ड्रायरचा क्विंटल, चौथ्यात वाईट वर्ष. शेवटी हप्त्यांचं वेळापत्रक, तुमच्या आवकेच्या महिन्यांना धरून. पैसा हिवाळ्यात येतो आणि हप्ता जुलैत पडतो, असं झालं की चांगला धंदाही थकीत दिसतो. कोटेशनं, पावत्या, ताळेबंद हे सगळं मागं जोडा आणि पत्रातल्या प्रत्येक आकड्यापुढं 'जोडपत्र ३' असं लिहा. अधिकारी तुमची गोष्ट वरच्या कार्यालयात मांडतो, तेव्हा हे जोडपत्राचे क्रमांकच त्याच्या कामी येतात.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या प्रधानमंत्री योजनेतून अर्ज करत असाल तर एक चूक टाळा. अनुदान प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, वैयक्तिक उद्योगाला कमाल १० लाख रुपये, आणि स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. पण हे अनुदान कर्जाशी जोडलेलं आहे, ते मागाहून कर्जखात्याकडे येतं. ८ लाखांच्या ड्रायरसाठी 'अनुदानाचे २ लाख ८० हजार वजा जाता उरलेलं कर्ज द्या' असं पत्रात लिहिलंत, तर यंत्र घ्यायच्या दिवशी तेवढे पैसे कमी पडतील. गटांना आणि कंपन्यांना निकष वेगळे लागू शकतात. योजना अजून चालू आहे का, हेही जिल्हा कृषी कार्यालयात विचारून मगच आकडा लिहा.

प्रश्न : ठिबकच्या जाहिरातीसाठी तीन शेतकऱ्यांचे अनुभव एकत्र करून एक शेतकरी तयार केला, फोटो चौथ्याचा लावला. सगळं खरंच आहे, फक्त जुळवलं आहे. चालेल ना?
(विक्रेता, धुळे)

नाही. फोटो, नाव किंवा गाव दिलं की वाचणारा तो एका खऱ्या माणसाचा अनुभव समजतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस ही त्या व्यक्तीचं खरं मत आणि खरा अनुभव असावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभुलीच्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

तिघांपैकी एकच घ्या आणि त्याची जमीन, विहिरीचं पाणी, लागवडीची तारीख, लावलेला वाण हे सगळं द्या. उत्पादन वाढलं ते ठिबकमुळेच की त्या वर्षी वाणही बदलला होता? बदलला असेल तर तेही लिहा. शेजारचा शेतकरी ते जाणतोच, आणि पारावर तुमच्या जाहिरातीची परीक्षा तोच घेतो. फोटो आणि शब्द कुठं, किती काळ वापरणार याची लेखी संमती मराठीत घ्या, छापण्याआधी मजकूर वाचून दाखवा, आणि उद्या त्यानं 'काढा' म्हटलं तर काढा.

प्रश्न : तिसऱ्या पिढीचा तेलघाणा आहे. वेबसाइटवर 'आमच्याविषयी' या पानावर आजोबांचा इतिहास लिहिलाय, पण कंटाळवाणा वाटतो.
(अमळनेर)

तुमच्या गावातच याचं चांगलं उदाहरण आहे. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. १९६६ मध्ये संस्थापक वारले. त्यांचा २१ वर्षांचा मुलगा, अझीम प्रेमजी, अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून परत आला. पुढं तिची विप्रो झाली. या चार वाक्यांत 'दूरदृष्टी', 'अथक परिश्रम', 'विश्वास' असा एकही शब्द नाही. तरी मन तिसऱ्या वाक्यावर थांबतं, कारण तिथं एका माणसापुढं दोन वाटा होत्या.

तुमच्या पानावर आजोबांनी घाणा कधी काढला, वडिलांनी कधी वाढवला, तुम्ही कधी आलात अशा तीन तारखा आहेत. कुणी काही निवडलं असं कुठंच नाही. स्वस्त रिफाइंड तेलाचे डबे गावात आले तेव्हा घाणा बंद का केला नाही? वीज आली तेव्हा बैल कधी सोडले? घरातल्या मोठ्यांना हे विचारा आणि त्यातला एकच प्रसंग १२० शब्दांत लिहा. बाकीच्या तारखा खाली एका ओळीत द्या.

प्रश्न : प्लास्टिकच्या चटईच्या कारखान्यात सुरक्षेची जबाबदारी माझ्याकडे आहे. रोज पाळी सुरू होताना पाच मिनिटं बोलतो. कामगार मान डोलावतात आणि भंगाराच्या ग्राइंडरमध्ये अडकलेला तुकडा पुन्हा हातानंच काढतात. अपघाताच्या भयंकर गोष्टी सांगूनही फरक नाही.
(जळगाव एमआयडीसी)

भयंकर गोष्ट ऐकून माणूस म्हणतो, 'तो मूर्ख होता, मी तसा नाही.' म्हणून रक्त, बोटं, दवाखाना हे वगळा. गोष्टीत चुकीचा निर्णय शहाणपणाचा वाटला पाहिजे, कारण त्या क्षणी तो तसाच वाटतो.

'पाळी सुटायला दहा मिनिटं. दहा-बारा किलो भंगार उरलंय. ग्राइंडर अडकला. मेनचं बटण वीस पावलांवर. पाती थांबलेली दिसतायत. तुकड्याचं टोक बाहेर आलंय, दोन बोटांत धरता येईल असं.'

इथं थांबा. शेवट सांगू नका. एकाला विचारा, 'आता तू काय करशील?' खरं उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतील; सुरुवातीला सगळे 'मेन बंद करतो' असंच म्हणतील. कुणी 'ओढून काढतो' म्हणालं तर रागावू नका, तेच तुम्हाला हवं होतं. मग सांगा: पाती थांबलेली दिसतात कारण तुकडा त्यांना धरून आहे. मोटर चालूच आहे. तुकडा निघाला की पाती सुटतात.

हे वाक्य कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. लगेच यंत्रापाशी नेऊन करून दाखवा: मेन बंद, कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, बटण दाबून यंत्र खरंच मेलंय याची खात्री, मग आकड्यानं तुकडा काढायचा. आकडा ग्राइंडरलाच टांगलेला असू द्या. मेन वीस पावलांवर असेल तर ते जवळ आणण्याचा अर्ज आजच द्या, कारण त्या अंतरावर गोष्ट मात करू शकत नाही.

बोलताना पुस्तकी मराठी सोडा. ज्या पाळीत अहिराणी बोलणारे जास्त, तिथं एखाद्या जुन्या कामगाराला सांगू द्या. 'थांब भो, पयले मेन बंद कर' हे त्याच्या तोंडून निघालेलं जास्त ऐकलं जातं. हिंदी बोलणाऱ्यांसाठी वेगळं सांगा, एकाच वाक्यात दोन भाषांचा भात करू नका.

गोष्टी मिळवायच्या तर 'थोडक्यात वाचलो' अशा प्रसंगांसाठी पेटी ठेवा, नाव न लिहिता. पेटीतली पहिली चिठ्ठी वाचून तुम्ही कुणी लिहिली ते शोधत बसलात, तर दुसरी चिठ्ठी येणार नाही. आठवड्याला एकच प्रसंग घ्या आणि तो ज्या यंत्रावर घडला, त्याच यंत्राजवळ उभं राहून सांगा.